उन्हात बंद पडणारा बंब

माझा पुतण्या स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या भरणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. मागच्या दिवाळीला घरी आला तेव्हा जेवता जेवता तो नोकरीतली अडचण सांगत होता. तिथे गॅस दाबाखाली पातळ करून मोठ्या टाकीत ठेवतात आणि पंपाने तिथून पुढे ढकलतात. ऊन वाढलं की पंपाच्या तोंडाशीच त्या पातळ गॅसची वाफ होते. पंप फिरत राहतो, आवाज करतो, पण पुढे काही जात नाही. त्यांच्याकडे याला व्हेपर लॉक म्हणतात.

मी त्याला विचारलं, पंप टाकीच्या खाली बसवलाय की वर? टाकीपासून पंपापर्यंतची नळी आखूड आणि रुंद आहे ना? तिच्यावर सावली आहे का? झालेल्या वाफेला टाकीत परत जायला वाट ठेवलीय का? त्याने हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमी गॅसचं काम कवा केलं?"

गॅसचं काम मी कधीच केलं नाही. माझ्या ऐन नोकरीत गॅसची टाकी कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. पण हा आजार मी ओळखतो. वाशीमच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी फिटर होतो आणि दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या एका उन्हाळ्यात या आजाराने माझी नोकरी आणि अब्रू दोन्ही जवळजवळ घालवली होती. या अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा तोच उन्हाळा पहिल्यांदा आठवला.

ज्यांनी जिनिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतातून आलेल्या कापसातून सरकी वेगळी काढायची, उरलेल्या रुईच्या दाबून गाठी बांधायच्या, एवढंच काम. कापूस आवारात घराएवढ्या उंच गंज्या करून ठेवलेला असे. त्यात कुठेतरी एखादा खडा येतो, यंत्राच्या पात्यात सापडतो, ठिणगी पडते. ती ठिणगी रुईत शिरली की वरून काही दिसत नाही. आत धुमसत राहते आणि दोन-तीन तासांनी भलत्याच ठिकाणी बाहेर पडते. आमच्या आवारात दर हंगामात एक-दोन आगी ठरलेल्या. म्हणून मालकांनी मुंबईहून एक जुना आगीचा बंब मागवला. दोन चाकांचा गाडा, त्यावर चार सिलिंडरचं पेट्रोलचं इंजिन आणि त्याला जोडलेला पाण्याचा पंप. गाडा हौदापाशी न्यायचा, जाड नळी पाण्यात सोडायची, हँडल मारायचं. बंब माझ्या ताब्यात दिला गेला.

पौषातल्या एका सकाळी त्याची चाचणी झाली. तोंडातून वाफ निघावी अशी थंडी होती. मालक आले, गावातली बडी मंडळी आली, नारळ फुटला. पहिल्या हँडलला इंजिन सुरू झालं आणि पाण्याची धार प्रेसच्या पत्र्यावरून पलीकडे गेली. बायका-पोरं ओरडली. मी नव्या खाकी कोटात उभा होतो, तो कोट मी खास शिवून घेतला होता. दहा मिनिटं चालवून आम्ही इंजिन बंद केलं. कारखान्याचे मॅनेजर, आम्ही त्यांना काळेसाहेब म्हणत असू, माझ्या पाठीवर थाप मारून गेले. पौषातली दहा मिनिटं. पुढे कितीतरी वर्षं ती दहा मिनिटं मला टोचत राहिली.

त्याच सुमाराला किन्हीराजा गावचे एक मोठे जमीनदार आपली मोटार घेऊन आमच्याकडे येत. मोटारी दुरुस्त करणारं गावात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्या कामालाही मीच. त्यांची तक्रार अशी की मागच्या उन्हाळ्यात वाशीमला येताना एका चढावर, एका चिंचेपाशी, दुपारची गाडी हमखास बंद पडायची. सकाळी कधीच नाही. त्यांच्या ड्रायव्हरने शोध लावला होता की चिंचेवर काहीतरी आहे. मग त्यांनी गाडीत नारळ, लिंबू, अगरबत्ती ठेवायला सुरुवात केली. गाडी बंद पडली की ड्रायव्हर उतरून चिंचेखालची जागा झाडायचा, अगरबत्ती लावायचा, नारळ फोडायचा, खोबरं वाटायचा. एवढं झालं की गाडी सुरू. जमीनदार मला म्हणाले, "गाडीत काय बिघाड हाये ते पाहा, पन चिंचेचं आमी पाहून घेतो." मी सगळी गाडी उघडून पाहिली. बिघाड काही सापडला नाही. मी मनातल्या मनात हसलो आणि गाडी परत दिली.

चैत्र लागला. ऊन असं की दुपारी आवारातल्या लोखंडाला हात लावता येत नसे. एका दुपारी बायका कडुनिंबाच्या सावलीत भाकर खायला बसल्या होत्या. त्यांची मुकादमीण सुभद्राबाई, अनसिंग गावची, हंगामापुरती वाशीमला राहायची. चाळिशीची, उंच, मोजकं बोलणारी बाई. धूर पहिल्यांदा तिलाच दिसला. मधल्या गंजीच्या पोटातून बारीक पांढरा धूर येत होता.

आम्ही सहा जणांनी बंब ओढत हौदापाशी नेला. पहिल्या हँडलला सुरू झाला. धार गंजीवर पडली, गंजीचं तोंड काळं झालं, वाफ उठली. मला वाटलं, जिंकलं. सात-आठ मिनिटं गेली असतील. मग इंजिन खोकलं, दोन गचके दिले आणि बंद पडलं. धार लटकली आणि नळीतून ओघळ गळायला लागला.

मी हँडल मारलं. पुन्हा मारलं. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली पडत होती. टाकी पाहिली, पेट्रोल काठोकाठ. पुन्हा हँडल. तळहाताची कातडी निघाली तरी मारत राहिलो. इतक्यात वारा फिरला आणि शेजारच्या गंजीने पेट घेतला. सुभद्राबाईने बायकांची रांग लावली होती, बादल्या आणि घमेली हातोहात जात होती. पेटलेला कापसाचा पुंजका उडून तिच्या भावजयीच्या लुगड्यावर पडला. सुभद्राबाईने तो उघड्या हातांनी दाबून विझवला. भावजय वाचली. सुभद्राबाईचे दोन्ही तळवे भाजले.

दोन गंज्या गेल्या. तिसरी माणसांनी ओढून वेगळी केली म्हणून राहिली. सगळं शांत झाल्यावर, आग लागून पाऊण तास उलटून गेल्यावर, मी सहज म्हणून हँडलला एक हिसका दिला. इंजिन सुरू झालं. गुळगुळीत, पौषातल्या सकाळसारखं. आवारातली सगळी माणसं वळून माझ्याकडे पाहायला लागली. त्या क्षणी ते सुरू झालं नसतं तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी काळेसाहेबांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तुळशीराम, माणूस घाबरतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग ते काम दुसऱ्याकडे द्यावं लागतं." बंब चांगला होता हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा दोष हातांचा असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. घाईत मी काही उलटं फिरवलं का, चोक ओढून ठेवला का, हे आठवून आठवून माझं मलाच काही खात्रीने सांगता येईना.

सुभद्राबाईला गावी घेऊन जायला तिचा भाऊ आला होता. मी दवाखान्यात भेटायला गेलो. दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले. ती म्हणाली, "मिस्त्री, तुमी घाबरले नव्हते. मी पाहून राह्यली होती. घाबरलेला मानूस पळते, तुमी त हँडल सोडलं नाई. मशीनच खोटं हाये. ते काहून बंद पडलं, ते शोधा."

तिथून मी सरळ काळेसाहेबांकडे गेलो आणि एकच मागितलं. बंब दुपारी एक वाजता, उन्हात उभा करून, तासभर पूर्ण जोरात चालवू द्या. त्यांना ते पेट्रोल वाया घालवणं वाटलं. पण माझ्या हाताच्या सालपटांकडे पाहून असेल, ते म्हणाले, एकदा कर.

त्या इंजिनाला पेट्रोल ओढून घ्यायला एक लहानसा पंप होता. टाकी खाली, गाड्याच्या चौकटीत. पंप वर, इंजिनाच्या कुशीत. पंपाच्या खाली एक काचेची वाटी असते, पेट्रोलमधला गाळ साचावा म्हणून. मी इंजिन सुरू केलं आणि त्या वाटीसमोर उकिडवा बसलो. पाच मिनिटं वाटी भरलेली, स्वच्छ. मग तळातून एक बुडबुडा वर आला. मग आणखी. मग वाटीभर फेस झाला, आणि बघता बघता वाटी रिकामी झाली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. टाकी भरलेली, वाटी रिकामी. याचा अर्थ मला कळला नाही.

त्या वेळी हबीबभाई टिनवाले आवारात आले होते. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. कंदील, स्टोव्ह, चाळण्या, तेलाची नरसाळी, जे पत्र्याचं असेल ते करायचे. आमच्या तेलाच्या डब्यांची झाकणं द्यायला ते आले होते. ते माझ्या बाजूला बसले, इंजिन थंड झाल्यावर मी पुन्हा सुरू केलं, त्यांनी वाटीतले बुडबुडे पाहिले आणि अगदी सहज म्हणाले, "हे त उकळून राह्यलं."

मी म्हणालो, विस्तव कुठे आहे? ते म्हणाले, "याले विस्तव कायले पायजे? उन्हात पेट्रोलचा डबा फुगते, तुमी पाह्यला नाई का? झाकन खोललं की फुस करते. याचा मिजाजच गरम. अन् तुमी याची नळी कुठून नेली ते पाहा." त्यांनी बोट दाखवलं. पेट्रोलची नळी धुराच्या नळीच्या अगदी बाजूने, चार बोटांवरून गेली होती.

तेव्हा मला किन्हीराजाची मोटार आठवली. चिंचेवर काहीच नव्हतं. चढावर इंजिन तापायचं, नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. जागा झाडून, अगरबत्ती लावून, नारळ फोडून, खोबरं वाटून होईपर्यंत अर्धा तास जायचा. तेवढ्यात नळी थंड व्हायची, वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं. नारळाने काम होत होतं, यात शंका नाही. त्या ड्रायव्हरला निदान उपाय माहीत होता, मला तोही नव्हता.

पंप हे पातळ पदार्थ ढकलायचं यंत्र आहे. त्याच्या पोटात वाफ शिरली की तो तिला नुसता दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. पुढे काही जात नाही. आणि पंपाला जेव्हा खालून वर ओढावं लागतं, तेव्हा ओढल्यामुळे नळीतला दाब कमी होतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. रस्त्यावरच्या मोटारीला निदान वारा लागतो. आमचा बंब एका जागी उभा, वर चैत्राचं ऊन, समोर आग. बिचारं पेट्रोल दुसरं काय करणार होतं.

मग तीन आठवडे मी आणि हबीबभाई त्या बंबाच्या मागे लागलो. दुकान बंद केलं की ते माझ्याकडे यायचे. पहिल्यांदा त्यांनी पेट्रोलची नळी आणि धुराची नळी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत उभी केली. वीस मिनिटं चाललं, मग बंद. मी म्हणालो, टाकी इंजिनाच्या डोक्यावर बसवू, पेट्रोल आपोआप खाली येईल. काळेसाहेबांनी ते ऐकून सरळ नकार दिला, आणि बरोबरच होतं. तापलेल्या इंजिनाच्या वर पेट्रोल टांगून आगीजवळ जायचं म्हणजे काय. शेवटी टाकी गाड्याच्या पुढच्या टोकाला, धुरापासून लांब, पंपापेक्षा फक्त वीतभर उंच बसवली. आता पंपाला ओढायची गरज उरली नाही, पेट्रोल स्वतःहून त्याच्या तोंडाशी येऊ लागलं. नळीही आम्ही पहिल्यापेक्षा जाड घेतली.

चाळीस मिनिटं चाललं. पुन्हा बंद. मी हतबल होऊन बसलो. हबीबभाई नळीवरून बोट फिरवत गेले आणि मध्येच थांबले. नळी बसवताना मी गाड्याच्या एका कमानीवरून तिला जरा उचलून नेली होती. तिथे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा झाला होता, आणि सगळी वाफ जाऊन त्या उंचवट्यात बसत होती. आम्ही नळी सरळ केली, तिला चढ दिला तो टाकीकडे, म्हणजे झालेला बुडबुडा आपोआप मागे टाकीत जाईल. पंपाच्या डोक्यावरून एक बारीक नळी टाकीत परत नेली, तीही त्याचसाठी.

शेवटची गोष्ट हबीबभाईंचीच. आम्ही दोघं घामाने भिजून बसलो होतो, बाजूला सुरई होती, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. ते म्हणाले, "हा बंब दुनियेले पानी पाजून राह्यला. त्याले सोताले घोटभर काहून नाई?" त्यांनी पेट्रोलच्या नळीभोवती पत्र्याची दुसरी मोठी नळी डाखाने, म्हणजे कथील वितळवून, जोडली आणि पाण्याच्या पंपातून बोटाएवढी एक धार काढून त्या दोन नळ्यांमधून खेळवली. बंब जितका वेळ पाणी मारील तितका वेळ स्वतःचं पेट्रोलही थंड ठेवील. एवढं साधं होतं ते. पण मला तरी सुचलं नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही बंब हौदापाशी उभा केला. सावलीसुद्धा घेतली नाही. तास झाला, सव्वा तास झाला. काळेसाहेब छत्री घेऊन काचेच्या वाटीसमोर बसून राहिले होते. वाटी स्वच्छ होती. उठताना ते मला म्हणाले, "मी तुला बोललो ते चुकलं." साहेबाने फिटरला असं म्हणायचे ते दिवस नव्हते. मी त्यांच्या छत्रीकडे पाहत राहिलो, तोंडाकडे पाहायचं धैर्य झालं नाही.

पण ऊन वेगळं आणि आग वेगळी, हे मला माहीत होतं. खरी परीक्षा वैशाख सरताना आली. हंगाम संपला होता, आवारात कापूस नव्हता, बायका गावोगाव परतल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमाराला पुसदकडून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरने निरोप आणला की अनसिंगला कडब्याच्या गंज्या पेटल्या आहेत आणि वारा घरांकडे आहे. बंब कारखान्याचा, तो बाहेर न्यायची पद्धत नव्हती. मी काळेसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "इथे उभा राहून तो काय विझवणार आहे? लॉरीला जोड." आणि स्वतः लॉरीत चढले. बाजारातून जाताना हबीबभाई दुकानात दिसले. मी हाक मारायच्या आत त्यांनी डाख लावायची कांडी पिशवीत टाकली आणि मागच्या फळीवर उडी मारून बसले.

आम्ही पोचलो तेव्हा पाच-सहा गंज्या पेटलेल्या होत्या. पहिली दोन घरं गेली होती. पुढे घरांची लांब ओळ, काही शेतकऱ्यांची, काही मुसलमान विणकर-दुकानदारांची, सगळी गवताने शाकारलेली. माणसं छपरांवर चढून ओल्या गोणपाटांनी ठिणग्या मारत होती. गावाच्या खालच्या अंगाला नाल्यात बांध घालून गुरांसाठी पाणी अडवलेलं होतं. तिथे बंब लावला. पाणी भरणाऱ्या बायकांत सुभद्राबाई होती. हात अजून धड नव्हते, कळशी कोपराच्या खळग्यात धरून ती चढ चढत होती. मला पाहून थांबली. बंबाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आज बंद पडते का?"

मी तिला खोटं सांगू शकलो नाही. म्हणालो, "मले मालूम नाई. पन उन्हात तासावर चालवून पाह्यलं हाये."

"मंग चालवा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

पहिल्या हँडलला सुरू झालं. धार ओळीतल्या तिसऱ्या घराच्या छपरावर पडली, मग गंज्यांवर. मी वाटीसमोरून हललो नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. काळेसाहेब स्वतः नळीचं तोंड धरणाऱ्यांत होते, त्यांचा पांढरा कोट चिखलाने माखला होता. आणि मग वाटीत एक बुडबुडा आला.

मला तो अजून दिसतो. मोहरीएवढा. त्याच्या मागे दुसरा आला, मग चार. इंजिनाचा आवाज किंचित बदलला. मी हबीबभाईंना हाक मारली. त्यांनी पेट्रोलच्या नळीवरच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पत्रा तापला होता. म्हणजे आतून पाणी खेळत नव्हतं. कारखान्याच्या हौदाचं पाणी स्वच्छ असे. हे नाल्याचं, शेवाळाचं. पाण्याच्या पंपातून थंडाव्याची धार आणणारी बोटाएवढी नळी तुंबली होती. इंजिन बंद करून ती काढायची म्हटलं तर तापलेलं इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, आणि वारा तसाच होता.

हबीबभाईंनी बंब चालू असतानाच त्या नळीचं वरचं टोक उपटलं, तोंडाला लावलं आणि जोर करून फुंकलं. काही झालं नाही. त्यांनी ओढलं. हिरव्या शेवाळाचा गोळा आणि चिखल त्यांच्या तोंडात आला, ते थुंकले, पुन्हा ओढलं, आणि पाण्याची धार त्यांच्या नाकातोंडावर उडाली. आपल्या खांद्यावरच्या फडक्याचा तुकडा तिच्या त्याच तोंडावर बांधला, गाळणी म्हणून, आणि नळी पुन्हा जागेवर बसवली. मी वाटीकडे पाहत होतो. इंजिन दोनदा खोकलं. बुडबुडे विरळ झाले. एक राहिला. मग तोही गेला.

त्यानंतर सुमारे दोन तास ते इंजिन चाललं. गंज्या काळ्या पडल्या, मग नुसती वाफ उरली. तिसऱ्या घरापासून पुढची सगळी ओळ उभी राहिली. काळेसाहेब चिखल तुडवत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बस, तुळशीराम. बंद कर." मी स्विचला हात घातला. मशीन माझ्या ताब्यात आल्यापासून खऱ्या आगीवर असताना ते पहिल्यांदाच मी बंद केलं होतं, ते आपण होऊन पडलं नव्हतं. कान इतके भरले होते की बराच वेळ मला कोणाचं बोलणं ऐकू आलं नाही.

पुढे अनेक गोष्टी झाल्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने बंबातल्या सुधारणा पाहून कारखान्याची तारीफ लिहिली. त्यात कारखान्याचं नाव होतं, माझंही एका ओळीत होतं, हबीबभाईंचं कुठेच नव्हतं. ते कारखान्याचे नोकर नव्हते ना. मी ते तेव्हाच बोलायला हवं होतं, बोललो नाही. सुभद्राबाईच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. पौषातल्या त्या दहा मिनिटांवर न थांबता ऊन वाढू लागताच मी तो बंब एखाद्या दुपारी तासभर चालवून पाहिला असता तर ती सरळ राहिली असती. नव्या माणसाला मी नेहमी हेच सांगत आलो की मशीनची परीक्षा त्याला सोयीच्या वेळी घेऊ नका. किन्हीराजाच्या जमीनदारांची मोटारही मी त्याच उन्हाळ्यात नीट करून दिली. नळी सरकवली, पत्रा लावला, पुन्हा कधी बंद पडली नाही. ते मात्र चिंचेपाशी नारळ फोडायचे थांबले नाहीत. म्हणाले, आता चांगलं चाललंय तर कायले बिघडवायचं.

पण मला सांगायची आहे ती अनसिंगची संध्याकाळ. आग विझली तेव्हा ऊन कललं होतं. गावकऱ्यांनी आमच्यासाठी भाकरी आणि झुणका आणला. सुभद्राबाईने कोपरात कळशी धरून माझ्या हातांवर पाणी घातलं. हात धुताना मला दिसलं की माझ्या तळहाताला नवी कातडी आली होती. ती म्हणाली, "मिस्त्री, हे गाववाले विचारून राह्यले, मशीन आतून कसं हाये. सांगाल का?"

मी म्हणालो, "मले नाई जमत. हबीबभाई सांगतीन."

हबीबभाईंच्या दाढीला अजून शेवाळ चिकटलेलं होतं. त्यांना असं पन्नास माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. पहिल्यांदा त्यांनी नुसती नळी दाखवली. मग एका म्हाताऱ्या विणकराने विचारलं, पेट्रोल विस्तवाशिवाय कसं उकळतं. त्यावर मात्र त्यांना बोलायला सापडलं. डब्याचं झाकण, सुरईचं फडकं, उंटाच्या पाठीसारखी नळी, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. माणसं जवळ सरकत गेली. कोणी वाटीला हात लावून पाहिला, कोणी पत्र्याच्या नळीला.

काळेसाहेब त्या गर्दीत जमिनीवर बसले होते, चिखलाच्या कोटासकट, हातात अर्धी भाकरी. हबीबभाई बोलत होते आणि साहेब ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी हात वर करून एक शंका विचारली. हबीबभाईंनी ती समजावून सांगितली.